सहीशेजारची ओळ

वकिलीच्या व्यवसायात काही वाक्ये इतकी अंगवळणी पडतात की ती लिहिताना लेखणी विचार करीत नाही. तडजोडीच्या कागदाच्या अखेरीस येणारे एक वाक्य त्यांपैकीच होय : ‘उभय पक्षांमध्ये आता कोणत्याही प्रकारची तक्रार शिल्लक राहिलेली नाही.’ वीस वर्षांत हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिले असेल. ते खरे आहे काय, असा प्रश्न मात्र मी कधी कोणाला विचारला नव्हता. तडजोड झाली म्हणजे तक्रार मिटली, असे आम्ही वकील धरून चालतो. धरून चालणे हा आमच्या व्यवसायाचा निम्मा भाग आहे.

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या माझ्या कचेरीत असाच एक कागद तयार होत होता. बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यातील दोन चुलत घराण्यांचा बांधावरून चाललेला जुना दावा होता. मध्यंतरी एका रात्री गवताची गंजी पेटली आणि तिच्या शेजारी बांधलेला बैल होरपळून मेला. गंजी कोणी पेटविली हे साऱ्या गावाला ठाऊक होते. कोर्टात सिद्ध झाले नव्हते एवढेच. शेवटी गावच्या देवळात चार वडीलधाऱ्यांनी दोन्हीकडच्या मंडळींना बसविले आणि तडजोड ठरली. माझे अशील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्यासोबत त्यांची वृद्ध आई होती. जमीन तिच्या नावावर असल्यामुळे सही तिचीच हवी होती.

मी मसुदा वाचून दाखविला. बांध कोठे जाईल, मोजणीचा खर्च कोण देईल, विहिरीचे पाणी कसे वाटावे, सर्व कलमांना म्हातारीने मान हलविली. शेवटचे वाक्य वाचले तेव्हा तिने हात वर केला.

“तेवढं लिवू नका, वकीलसाहेब. बांध दिला, खर्च सोडला, कोर्ट सोडलं. पण माझी तक्रार न्हाई असं माझ्या नावानं लिवू नका. बैलाची तक्रार हाय. ती माझ्यासंगं जाईल.”

मी ते वाक्य खोडले आणि ‘दावा मागे घेण्यात येत आहे’ एवढेच ठेवले. समोरची मंडळी थोडी चुळबुळली, पण त्यांनीही ते मान्य केले. म्हातारीने सही केली. ती बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर सुभेदार माझ्यासमोर काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “साहेब, मी २००० साली राष्ट्रसंघाच्या फौजेबरोबर सिएरा लिओनला होतो. फ्रीटाउनमध्ये मरे टाउन म्हणून एक वस्ती आहे, तिथे हात तोडलेल्या लोकांची छावणी होती. पहिल्या दिवशी सवयीने मी एकाला हात जोडून नमस्कार केला. त्याला दोन्ही हात नव्हते. माझे हात तसेच राहिले. पुढे कळले की, ज्यांनी हात तोडले त्यांना सरकारने कागदावर माफी लिहून दिली आहे. तेव्हापासून मनात एक प्रश्न आहे. तुम्ही वकील आहात म्हणून विचारतो. त्या कागदावर त्या माणसाची सही होती काय?”

मला उत्तर देता आले नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील तो देश नकाशावर दाखविण्यापलीकडे मला त्याची माहिती नव्हती. पण प्रश्न कायद्याचा होता आणि तो माझ्याच टेबलावर ठेवला गेला होता. त्यानंतरचे काही महिने मी त्या कागदाच्या मागे लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

सिएरा लिओन १९६१ साली इंग्रजांच्या अमलातून मुक्त झाला. त्याची राजधानी फ्रीटाउन ही अठराव्या शतकाच्या अखेरीस मुक्त झालेल्या गुलामांनी वसविलेली. नगराच्या नावातच मुक्ती आहे. परंतु स्वातंत्र्यानंतर सियाका स्टीव्हन्स यांच्या कारकीर्दीत १९७८ साली तेथे एकपक्षीय राज्यघटना आली आणि विरोध हाच गुन्हा ठरला. पूर्वेकडील कोनो आणि टोंगो भागांत नदीच्या गाळात हिरे सापडतात. ते हिरे सरकारी तिजोरीत जाण्याऐवजी सत्तेजवळच्या माणसांच्या खिशात जाऊ लागले. १९८५ साली स्टीव्हन्स यांनी सेनापती जोसेफ मोमो यांच्या हाती राज्य दिले, तोवर शिक्षकांना पगार मिळेनासा झाला होता आणि शाळा ओस पडत होत्या. शाळेबाहेर पडलेली हीच पोरे पुढे बंदुका घेऊन फिरू लागली.

२३ मार्च १९९१ रोजी लायबेरियाच्या सरहद्दीवरून फोडे सांको या माजी लष्करी कॉर्पोरलची ‘क्रांतिकारी संयुक्त आघाडी’ देशात घुसली. तिच्यामागे लायबेरियातील बंडखोर पुढारी चार्ल्स टेलर याचा हात होता. योगायोग असा की, त्याच वर्षी देशाने बहुपक्षीय राजवटीची नवी राज्यघटना स्वीकारली. घटना आली आणि यादवीही आली. पुढील अकरा वर्षे त्या घटनेचे जे झाले ते वाचताना, घटना म्हणजे राज्य नव्हे हा आमच्या महाविद्यालयात शिकविला न गेलेला धडा मला मिळाला.

१९९२ च्या एप्रिलमध्ये आघाडीवरचे पगार न मिळालेले तरुण अधिकारी राजधानीत आले आणि मोमो पळाले. पंचवीस वर्षांचा कॅप्टन व्हॅलेंटाइन स्ट्रॅसर राष्ट्रप्रमुख झाला. लष्कराच्या राज्यात लष्कराचीच शिस्त मोडली. दिवसा शिपाई आणि रात्री बंडखोर अशी दुहेरी चाकरी करणाऱ्यांना लोक ‘सोबेल’ म्हणू लागले. सोल्जर आणि रेबेल या दोन शब्दांची ती मोडतोड होती. ज्या देशात रक्षक आणि भक्षक यांना मिळून एक शब्द लागतो, तेथील शासनाचे वर्णन करण्यास दुसऱ्या ग्रंथाची गरज नाही.

तरीही त्या लोकांनी हार मानली नाही, ही गोष्ट सांगितली पाहिजे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा १९९६ च्या फेब्रुवारीत फ्रीटाउनच्या बिंटुमानी हॉटेलात नागरिकांच्या दोन परिषदा भरल्या. आधी शांतता की आधी निवडणूक, असा प्रश्न होता. लष्करी राज्यकर्ते निवडणूक पुढे ढकलू पाहत होते. स्त्रियांच्या संघटनांनी मात्र आधी निवडणूक असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. बंडखोरांनी या निवडणुकीला दिलेले उत्तर जगाने पुढे छायाचित्रांत पाहिले. मत द्यावयाचे ते हाताने, म्हणून त्यांनी हात तोडले. बोटाच्या शाईला आपण एका दिवसाचा उत्सव समजतो. त्या शाईची किंमत अशीही असू शकते, हे वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

लोकांनी तरीही मतदान केले. मार्च १९९६ मध्ये अहमद तेजान काब्बा अध्यक्ष झाले. ते स्वतः बॅरिस्टर होते आणि राष्ट्रसंघाच्या सेवेत त्यांनी अनेक वर्षे काढली होती. नोव्हेंबरात आबिदजान येथे त्यांनी बंडखोरांशी करार केला. तो टिकला नाही. २५ मे १९९७ रोजी त्यांच्याच सैन्याने बंड केले, घटना स्थगित केली आणि जॉनी पॉल कोरोमा या मेजरला राष्ट्रप्रमुख करून बंडखोरांना राजधानीत बोलाविले. काब्बा शेजारच्या गिनीत गेले. दहा महिने सिएरा लिओनचे घटनात्मक सरकार कोनाक्रीमध्ये परक्यांच्या आश्रयाने होते. जगाने त्यालाच सरकार मानले. देशातील एकाही चौकीवर त्याचा हुकूम चालत नव्हता. नायजेरियाच्या पुढाकाराखालील फौजेने फ्रीटाउन जिंकून दिल्यावर मार्च १९९८ मध्ये अध्यक्ष परतले.

परतलेल्या सरकारने कायदा हाती घेतला तो कठोरपणे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लष्करी न्यायालयाने दोषी ठरविलेल्या चोवीस सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांना अपिलाचा हक्क नव्हता. त्याच महिन्यात सांकोला राजद्रोहाबद्दल देहान्ताची शिक्षा झाली. वकील म्हणून येथे मला थांबावेसे वाटते. अपिलाशिवाय दिलेली शिक्षा ही न्यायाची घाई असते, आणि घाई हे बहुधा भीतीचे दुसरे नाव असते. सरकार किती भ्याले होते, हे पुढच्या तीन महिन्यांतच दिसले. ६ जानेवारी १९९९ रोजी बंडखोर पुन्हा फ्रीटाउनमध्ये शिरले. हजारो माणसे मारली गेली, घरांच्या ओळी जाळल्या गेल्या, आणि हात तोडण्याचे सत्र राजधानीत आले.

आता सुभेदारांच्या कागदाकडे येतो. काब्बांजवळ सैन्य उरले नव्हते. जे होते त्याने बंड केले होते. नायजेरियाला स्वतःची माणसे परत न्यावयाची होती. दूरच्या मोठ्या राष्ट्रांना तडजोड हवी होती. अशा स्थितीत ७ जुलै १९९९ रोजी टोगो देशाच्या लोमे या राजधानीत करार झाला. सरकारच्या बाजूने बोलणी चालविणारे सॉलोमन बेरेवा हे देशाचे महान्यायवादी होते. ज्या महान्यायवाद्याच्या खात्याने नऊ महिन्यांपूर्वी सांकोला फाशीची शिक्षा मिळवून दिली, त्यालाच आता सांकोच्या मागण्यांची कलमे लिहावी लागली. त्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना कोणत्याही वकिलाला करता येईल.

कराराच्या नवव्या कलमाने सांकोला संपूर्ण माफी दिली आणि सर्व लढवय्यांना १९९१ पासून केलेल्या सर्व कृत्यांबद्दल अभय दिले. पाचव्या कलमाने त्याला महत्त्वाच्या खनिज संपत्तीच्या आयोगाचे अध्यक्षपद, आणि त्यासोबत उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा दिला. ज्या हिऱ्यांच्या विक्रीतून बंदुका आल्या, ते हिरेच त्याच्या स्वाधीन झाले. त्याच्या पक्षाला मंत्रिपदेही मिळाली. पुढे त्या देशाच्या संसदेने कायदा करून करारास मान्यता दिली. म्हणजे सारे रीतसर झाले. सही होती, साक्षीदार होते, संसदेचा शिक्का होता. हात तोडलेल्या माणसाची सही मात्र नव्हती. सुभेदारांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे नकारार्थी आहे.

पण दुसरे उत्तरही आहे. करारास हमीदार म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाची सही लागत होती. महासचिवांचे प्रतिनिधी फ्रान्सिस ओकेलो, हे मूळचे युगांडाचे, सहीसाठी पुढे झाले. सही करताना त्यांनी तिच्याशेजारी स्वतःच्या हाताने एक टीप लिहिली. तिचा आशय असा की, वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि मानवतेच्या कायद्याचे इतर गंभीर भंग यांना हे अभय लागू होते असे राष्ट्रसंघ मानीत नाही. एवढेच. करार मोडला नाही, कोणाला आव्हान दिले नाही, सही नाकारली नाही. फक्त ‘तक्रार शिल्लक नाही’ हे वाक्य आमच्या नावाने लिहू नका, असे सांगितले.

ती टीप वाचताना मला म्हाताऱ्या आईचा वर झालेला हात आठवला.

त्या क्षणी त्या ओळीला काहीच बळ नव्हते. सांको फ्रीटाउनला आला, सरकारी बंगल्यात राहू लागला आणि त्याच्या माणसांनी शस्त्रे खाली ठेवण्याचे टाळले. मे २००० मध्ये त्यांनी राष्ट्रसंघाच्या सुमारे पाचशे सैनिकांना पकडले. पूर्वेकडील कैलाहुन येथे गुरखा पलटणीचे दोनशेहून अधिक भारतीय सैनिक अडीच महिने वेढ्यात अडकले. त्या फौजेचे सेनापतीही भारतीयच, मेजर जनरल विजय जेटली, होते. १५ आणि १६ जुलै रोजी भर पावसात ‘खुकरी’ नावाची मोहीम करून भारतीय सैन्याने आपली माणसे सोडविली. एका हवालदाराला त्यात वीरमरण आले. सुभेदार तेव्हा दारू येथील तळावर होते. तेथला पाऊस आंबोलीसारखा होता, एवढेच ते त्याबद्दल सांगतात.

दरम्यान ८ मे रोजी फ्रीटाउनचे हजारो नागरिक सांकोच्या घरासमोर जमले. आतून गोळ्या सुटल्या आणि सुमारे वीस माणसे मेली. सांको पळाला, आणि नऊ दिवसांनी पकडला गेला. जूनमध्ये काब्बांनी राष्ट्रसंघाला पत्र लिहून न्यायालय मागितले. येथे ती सहीशेजारची ओळ कामी आली. १४ ऑगस्ट २००० रोजी सुरक्षा समितीने जो ठराव केला, त्याच्या प्रस्तावनेत ओकेलो यांच्या टिपेचे स्मरण दिलेले आहे. ज्याने अभयाला संमतीच दिली नव्हती, त्याला त्याविरुद्ध न्यायालय उभारण्यास संकोच वाटण्याचे कारण नव्हते. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले. बहात्तर हजारांवर लढवय्यांनी शस्त्रे ठेवली होती. त्याच महिन्यात सिएरा लिओन सरकार आणि राष्ट्रसंघ यांच्या करारान्वये विशेष न्यायालय स्थापन झाले. मार्च २००४ मध्ये त्याच्या अपील पीठाने निर्णय दिला की, लोमेचे अभय या न्यायालयासमोरील खटल्यांना आड येत नाही.

आरोपींच्या वकिलांनी जी हरकत घेतली ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, हे मी व्यवसायाच्या इमानाने सांगतो. सरकारने वचन दिले होते. त्या वचनावर विसंबून माणसांनी बंदुका खाली ठेवल्या. आता ते वचन फिरविले, तर उद्या कोणता बंडखोर कोणत्या सरकारचा शब्द खरा मानील? लोमेचा करार झाला नसता तर १९९९ च्या पावसाळ्यात आणखी किती हात तुटले असते, हेही कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे काब्बा आणि बेरेवा यांना भ्याड ठरविण्यास माझी लेखणी तयार होत नाही. घर जळत असताना पाण्याची किंमत विचारली जात नाही.

न्यायालयाने काढलेला मार्ग मर्यादित होता. ‘ज्यांची जबाबदारी सर्वांत मोठी’ अशांवरच खटला, तोही ३० नोव्हेंबर १९९६ नंतरच्या गुन्ह्यांपुरता. देशाच्या नेहमीच्या न्यायालयांत सामान्य लढवय्यांचे अभय कायम राहिले. एकूण तेरा जणांवर आरोप ठेवले गेले आणि नऊ जणांना शिक्षा झाली. सांको निकालापूर्वीच जुलै २००३ मध्ये कोठडीत मरण पावला. चार्ल्स टेलर मधल्या काळात लायबेरियाचा अध्यक्ष झाला होता. त्याला एप्रिल २०१२ मध्ये हेग येथे दोषी ठरविले गेले आणि पन्नास वर्षांची शिक्षा झाली.

या यादीत एक नाव मनाला बोचते. सॅम हिंगा नॉर्मन यांनी गावोगावच्या शिकारी लढवय्यांना संघटित करून निवडून आलेल्या सरकारचे रक्षण केले होते. मार्च २००३ मध्ये ते देशाचे गृहमंत्री होते, आणि पदावर असतानाच त्यांना अटक झाली. आरोप त्यांच्या माणसांनी केलेल्या अत्याचारांचे होते. अनेकांना हा कृतघ्नपणा वाटला. निकालापूर्वीच फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पण विचार केल्यावर मला वाटते, त्या टिपेतही पक्षाचे नाव नव्हते, गुन्ह्यांचे होते. जी तक्रार शत्रूविरुद्ध राखून ठेवली, ती मित्राविरुद्धही राखावी लागते.

न्यायालयाच्या जोडीला सत्यशोधन आणि समेट आयोग होता. त्याने २००४ साली दिलेल्या अहवालात निष्कर्ष काढला की, हिऱ्यांनी युद्धाला इंधन पुरविले, पण युद्धाचे मूळ वर्षानुवर्षांच्या वाईट राज्यकारभारात आणि माणसांचा मान हिरावण्यात होते. आयोगाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील सुनावणीच्या अखेरीस समेटाचा विधी होई. गावचे वडीलधारे आणि धर्मगुरू जमत, प्रार्थना होत, आणि लढवय्ये सर्वांसमोर नमून क्षमा मागत. आपल्याकडे देवासमोर बेलभंडारा उचलून बोललेला शब्द कोर्टातल्या शपथेहून जड मानला जातो; त्यामुळे त्या विधीचा अर्थ आपल्या मंडळींना निराळा सांगावयास नको. क्षमा मागण्याची जागा तेथे होती. क्षमा करण्याची सक्ती कायद्याने करता येत नव्हती. आयोगाने भरपाईचीही शिफारस केली. ती योजना सुरू झाली २००८ साली, आणि बहुतेक पीडितांच्या हाती पडले ते शंभर डॉलरांच्या आसपास. लढवय्यांना नवे आयुष्य मांडण्यास मदत आधी मिळाली, ज्यांचे हात गेले त्यांना नंतर. राज्य ज्याला भिते त्याचे आधी ऐकते, हे सत्य शांततेच्या काळातही बदलत नाही.

तर मग सुभेदारांच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिले? मी त्यांना सांगितले : त्या माणसाची सही नव्हती, आणि म्हणूनच त्याच्या वतीने माफी लिहिण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. सरकार स्वतःचा दंड सोडू शकते, आपला खटला मागे घेऊ शकते, प्रसंगी आपल्या मारेकऱ्याला शेजारी बसवूही शकते. दुसऱ्याची तक्रार मात्र त्याच्या मालकीची नसते. लोमेला हे एका माणसाने लिहून ठेवले. कायदा जिवंत राहण्यास कधीकधी तेवढेच पुरते. तुटलेले हात परत येण्यास काहीच पुरत नाही.

सुभेदारांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे आईनं कायदाच सांगितला.”

यंदा गावच्या जत्रेला मी गेलो होतो. दोन्ही चुलत घराणी पालखीला खांदा द्यायला होती. बांधावर नवे दगड बसलेले दिसले. म्हातारीने समोरच्या घरच्या सुनेच्या हातून प्रसाद घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेली. तक्रार आहे की गेली, हे मी विचारले नाही. कचेरीत परतल्यावर तडजोडीच्या छापील नमुन्यातील ते शेवटचे वाक्य मी काढून टाकले. आता ते हवे असेल त्याने मागावे. आधी प्रत्येकाला विचारीन, मग लिहीन.